शर्यतवाल्याकडून काय शिकावे?

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले मोठे गाव आहे. इथले मल्लिनाथाचे जैन मंदिर लांबलांबच्या लोकांना माहीत आहे. गावातून निघाले की एका अंगाला औंढा लागते, दुसऱ्या अंगाला वसमत.

पूर्वी या वाटेने बैलगाड्या जात. आता दारोदारी फटफटी उभी असते. कोणी तिच्यावर दुधाची कॅन नेतो. कोणी बियाण्याची पिशवी नेतो. कोणी हळदीचा भाव पाहायला वसमतला जातो. कोणी लेकराला शाळेत सोडतो. फटफटीने माणसाचा वेळ वाचवला. पायपीट वाचवली. हे खरेच आहे.

पण फटफटीत आणि बैलात एक फरक आहे. बैलाला डोळे असतात. गाडीवान पेंगला तरी बैल आपली वाट धरून चालतो. खड्डा आला तर बिचकतो, थांबतो. फटफटीला डोळे नाहीत. तिचे डोळे म्हणजे तुमचे डोळे. तुम्ही चुकलात की ती चुकली.

सरकारने २०२२ सालची मोजदाद छापली आहे. त्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. मेलेल्या दर शंभर माणसांत ४४ जण दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेली ५० हजार २९ माणसे त्या वर्षी दगावली. त्यांपैकी १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. ते गाडी चालवतही नव्हते!

हे आकडे नुसते आकडे नाहीत. एकेका आकड्यामागे एक घर आहे. कर्ता माणूस गेला की पेरणी कोण करणार? लेकरांची शाळा कोण भागवणार?

म्हणून आज आपण फटफटी नीट कशी चालवावी ते पाहू. आणि हे आपण शिकणार आहोत शर्यतवाल्याकडून! तुम्ही म्हणाल, "हे काय भलतंच? शर्यतवाला तर वाऱ्यासारखा पळतो. त्याच्याकडून काय शिकायचं?" जरा पुढे वाचा.

१. शर्यतीची वाट

फटफटीच्या शर्यतीसाठी वेगळी वाट बांधलेली असते. ती गोल फिरून पुन्हा जागच्या जागी येते. आपल्या देशात अशा वाटा थोड्याच आहेत. एक आहे तामिळनाडूत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे. दुसरी कोइमतूरला. तिसरी आहे उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडा इथे. ती पाच किलोमीटरच्या आसपास लांब आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे जगातले नामांकित स्वार आले होते. इटली देशाचा मार्को बेझेची तिथे पहिला आला. सरळ वाटेवर या गाड्या तासाला ३०० किलोमीटरच्याही वर पळतात.

आता ही वाट कशी असते ते पाहा. सगळे एकाच दिशेने जातात. समोरून कोणी येत नाही. वाटेत म्हैस नाही, कुत्रे नाही, ट्रॅक्टर नाही. खड्डा नाही, वाळू नाही. कडेला माणसे निशाणे घेऊन उभी असतात. पुढे धोका असला की पिवळे निशाण दाखवतात. मग कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. फारच धोका असला की लाल निशाण दाखवतात आणि शर्यत थांबवतात. डॉक्टर आणि दवाखान्याची गाडी तयार असते.

इतकी सोय असूनही स्वार अंगावर काय काय घालतो? डोक्याला घट्ट हेल्मेट. अंगाला जाड कातड्याचा पोशाख. पाठीला आधार. हातमोजे. घोट्याच्या वरपर्यंत बूट.

एवढ्यावर भागत नाही. शर्यतीच्या आधी तपासनीस येतात. ब्रेक पाहतात, टायर पाहतात, हेल्मेट हातात घेऊन पाहतात. यातले काही ठीक नसले तर स्वाराला वाटेवर सोडत नाहीत. मग तो कितीही नावाजलेला असो.

आता आपली वाट आठवा. समोरून ट्रक येतो. बांधावरून शेळी उडी मारते. रात्री दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. आणि आपण उघड्या डोक्याने, पायात चप्पल घालून, मागे दोघांना बसवून निघतो!

जिथे धोका कमी, तिथे शर्यतवाला इतका जपतो. जिथे धोका जास्त, तिथे आपण किती जपावे? शिकायचे ते इथेच आहे. त्याची धाव आपल्याला नको. त्याची काळजी आपल्याला हवी.

२. नजर कुठे ठेवावी?

शर्यत शिकवणारा गुरू पहिला धडा नजरेचा देतो. तो सांगतो, "जिकडे जायचे आहे, तिकडे पाहा."

शेतकऱ्याला हा धडा नवा नाही. नांगर धरताना आपण पायाजवळच्या मातीकडे पाहत नाही. लांबच्या बांधावरचे एखादे झाड धरतो आणि त्याच्या रोखाने जातो. मग तास सरळ येते. पायाजवळ पाहिले की तास वाकडे जाते.

गाडीचे तसेच आहे. खड्डा दिसला आणि तुम्ही खड्ड्याकडेच पाहत राहिलात, तर गाडी खड्ड्यातच जाते. का? जिकडे डोळे तिकडे हात. हात आपसूक तिकडे वळतात. म्हणून खड्डा एकदा पाहून घ्या. मग त्याच्या बाजूची मोकळी जागा पाहा. गाडी त्या जागेतून जाईल.

वळणावरही असेच. चाकापुढे पाहू नका. मान वळवा. वळण जिथे संपते तिकडे पाहा. उसाच्या फडामुळे किंवा झाडीमुळे पलीकडचे दिसत नसेल तर? तर पलीकडे कोणीतरी आहेच असे धरून चाला. वेग कमी करा. आपली डावी बाजू सोडू नका. हॉर्न वाजवा.

३. वळण कसे घ्यावे?

पुष्कळ जण वळणात जोरात शिरतात. मग घाबरतात आणि गाडी तिरपी असतानाच ब्रेक दाबतात. गाडी घसरते.

शर्यतवाला असे करत नाही. तो वळण येण्याआधीच वेग उतरवतो. गाडी सरळ उभी असते, तेव्हाच ब्रेक धरतो. गियर आधीच बदलतो. मग शांतपणे वळतो. वळण संपत आले, वाट सरळ दिसू लागली, की हलकेच मूठ फिरवून रेस वाढवतो. आपण एवढे ध्यानात ठेवावे : आत शिरताना हळू, बाहेर पडताना सावकाश वेग.

यामागचे कारण सोपे आहे. टायरच्या अंगी ठरावीक बळ असते. त्याच बळावर तो गाडी वळवतो आणि त्याच बळावर ती थांबवतो. बैलाचे बघा. चढावर गाडी ओढताना त्याचे सगळे बळ लागलेले असते. तेव्हा त्याला आणखी काही ओढायला लावले तर तो गुडघे टेकतो. टायरही तसाच. वळवायला त्याचे बळ लागले आहे, आणि त्याच वेळी तुम्ही जोरात ब्रेक मारला, तर त्याची पकड सुटते.

४. ब्रेक कोणता दाबावा?

आपल्याकडे एक समजूत आहे. "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." म्हणून लोक फक्त पायाचा ब्रेक वापरतात. ही समजूत अर्धी खरी आहे आणि अर्धी खोटी.

भरलेली बैलगाडी एकदम थांबली तर माल कुठे सरकतो? पुढे. फटफटी थांबवतानाही सगळे वजन पुढे जाते. पुढचे चाक जमिनीवर दाबले जाते. दाबलेल्या चाकाची पकड वाढते. मागचे चाक मात्र हलके होते. त्याची पकड कमी होते. म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक दाबला तर गाडी लांबवर जाते, नाहीतर मागचे चाक घसटत आडवे होते.

मग लोक उलटतात कशाने? पुढचा ब्रेक एकदम हिसका देऊन दाबल्याने. दूध काढताना आपण आचळ हिसकतो का? नाही. हळूहळू दाब वाढवतो. पुढचा ब्रेक तसाच दाबावा. आधी हलका. वजन पुढे आले की मग जोर. दोन्ही ब्रेक बरोबर वापरावे. गाडी सरळ ठेवावी. खडीवर, चिखलावर, वाळूवर पुढचा ब्रेक फारच हलक्या हाताने धरावा.

एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना ब्रेकची खास सोय द्यावी लागते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाडीला एबीएस असते. ते चाकाला घसटू देत नाही. लहान गाडीला निदान दोन्ही ब्रेक मिळून लागतील अशी सोय असते. गाडी घेताना दुकानदाराला हे विचारावे. पण सोय आहे म्हणून बेफिकीर होऊ नये. घसरट वाटेपुढे कोणाचेच चालत नाही.

आता थोडा हिशेब करू. तासाला ४० किलोमीटर वेग असला, तर एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. ६० चा वेग असला, तर सुमारे १७ मीटर. म्हणजे बैलांसकट तीन गाड्या एकामागे एक उभ्या कराव्या इतके अंतर! समोर म्हैस आली हे डोळ्यांनी पाहायला, मनाने ओळखायला आणि हाताने ब्रेक दाबायला साधारण एवढा वेळ जातो. तोवर ब्रेक लागलेलाच नसतो.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही. ते चौपट होते. ४० च्या वेगात ब्रेक लागल्यावर १० मीटरवर थांबणारी गाडी ८० च्या वेगात ४० मीटरवर थांबते. वाटेतली म्हैस काही ४० मीटर लांब जाऊन थांबत नाही.

हा ब्रेक मोकळ्या मैदानात शिकावा. आधी २० च्या वेगात, मग ३० च्या. हाताला सवय झाली की ऐन वेळी हात चुकत नाही.

५. टायर : तळहाताएवढा आधार

हवेचा टायर लोकांच्या वापरात आणला तो एका गुरांच्या डॉक्टराने! त्याचे नाव जॉन डनलॉप. तो आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात राही. त्याच्या मुलाची तीन चाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरे देई. १८८८ साली डनलॉपने रबराच्या नळीत हवा भरली आणि ती चाकावर बसवली. हादरे कमी झाले. त्याच्या आधी १८४५ साली थॉमसन नावाच्या माणसाला हीच युक्ती सुचली होती. पण तेव्हा ती लोकांत रुजली नाही.

टायर एवढा मोठा दिसतो. पण तो जमिनीला किती टेकतो? फक्त तळहाताएवढा. पुढे एक तळहात, मागे एक तळहात. तुम्ही, तुमची बायको, लेकरू, पिशव्या, सगळ्यांचा जीव या दोन तळहातांवर असतो.

म्हणून टायरच्या चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट हवा. हवा कमी असली की टायर बसतो, तापतो आणि गाडी डोलते. हवा फार झाली की टायर फुगतो, जमिनीला कमी टेकतो आणि घसरतो. किती हवा भरावी हे गाडीवरच लिहिलेले असते. साखळीच्या झाकणावर किंवा सीटखाली कागद चिकटवलेला असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातही आकडे असतात. पुष्कळ साध्या गाड्यांना पुढे २५ आणि मागे २८ असे आकडे असतात. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला थोडी जास्त हवा लागते. पण आपल्या गाडीवरचा आकडाच खरा मानावा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याला विचारायला नको. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. आठवड्यातून एकदा तरी तपासावी.

दुसरी गोष्ट खाचा. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. शेतात पाणी साचू नये म्हणून आपण चर काढतो ना? टायरवरच्या खाचा म्हणजे तसेच चर. पावसाचे पाणी त्यांतून बाजूला जाते आणि रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजल्या की पाण्यावर चाक तरंगल्यासारखे होते.

इथे कोणी हुशार माणूस विचारील, "मग शर्यतीच्या गाडीचा टायर गुळगुळीत कसा? टीव्हीत मी पाहिलाय." प्रश्न चांगला आहे. शर्यतीचा टायर फार मऊ रबराचा असतो. शर्यतीआधी त्याला विजेच्या घोंगडीत गुंडाळून गरम करतात. मग ते मऊ रबर कोरड्या, स्वच्छ वाटेला चिकटून चालते. पाऊस आला की तेच स्वार तो टायर काढतात आणि खाचांचा टायर चढवतात. आपला टायर झिजून गोटा झाला, म्हणजे तो शर्यतीचा झाला असे नव्हे. त्याचे रबर कडक असते. आपल्या वाटेवर पाणी असते, माती असते. गोटा झालेला टायर म्हणजे शेवाळलेला दगड.

टायर कधी बदलावा? टायरच्या कडेला एक लहान त्रिकोण असतो किंवा टी, डब्ल्यू, आय अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. त्या रेषेत खाचेमध्ये एक बारीक उंचवटा दिसेल. रबर झिजून त्या उंचवट्याला भिडले की टायर संपला. मग दिवाळीची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट वय. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २४२३ असे असेल, तर तो टायर २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनला. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हे यावरून कळते. जुने रबर कडक होते. त्याला भेगा पडतात. भेगाळलेला टायर खाचा असूनही कामाचा नाही.

चौथी गोष्ट रस्ता. टायर कितीही चांगला असला तरी रस्ता ओळखावा लागतो. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती रस्त्यावर येते. ओली काळी माती म्हणजे लोणी. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते. तेव्हाही रस्ता घसरट होतो. सुगीत कोणी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतो. गोल दाण्यांवर चाक टिकत नाही. अशा जागी वेग आधीच कमी करा. तिरपे होऊ नका. ब्रेक हलका ठेवा. आणि धान्य रस्त्यावर घालणाऱ्यानेही विचार करावा. आपले दाणे वाळतील, पण कोणाचा तरी पाय मोडेल.

ओझ्याचेही ध्यान ठेवावे. कायद्याने चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसवता येतो. तिघे बसले की पुढचे चाक हलके होते. गाडी हँडलला दाद देत नाही.

६. हेल्मेट : एका डॉक्टराची गोष्ट

लॉरेन्स नावाचा एक नामांकित इंग्रज होता. पहिल्या महायुद्धात तो अरबांच्या बाजूने लढला होता. त्याला फटफटीचा फार नाद. मे १९३५ मध्ये तो गाडीवरून चालला होता. समोर सायकलवर दोन मुले आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्याला मार बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो मेला.

त्याला पाहायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे डॉक्टर होते. एवढा मोठा माणूस साध्या पडण्याने गेला, हे त्यांच्या मनाला लागले. त्यांनी फटफटीवरून पडलेल्या सैनिकांची माहिती गोळा केली. १९४१ साली ती छापली. हेल्मेट घातलेल्यांच्या डोक्याला मार कमी बसतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

पुढे जगभरच्या डॉक्टरांनी पुष्कळ ठिकाणच्या नोंदी एकत्र तपासल्या. त्यांतून असे दिसले की, हेल्मेटने अपघातात मरण्याचा धोका शंभरात ४२ ने कमी होतो. डोक्याला मार बसण्याचा धोका शंभरात ६९ ने कमी होतो.

हेल्मेट हे कसे करते? मेंदू म्हणजे गाडग्यातले दही समजा. गाडगे आपटले तर कधी ते फुटत नाही, पण आतले दही मोडते. डोक्याचेही तसेच. कवटी शाबूत दिसते, पण आत मेंदू हादरतो. हेल्मेटला वरून कडक कवच असते. आत जाड थर्माकोलचा थर असतो. आपण अंडी भुशात ठेवतो ना? तेच काम हा थर करतो. पडताना थर्माकोल दबतो आणि धक्का स्वतः खातो. मेंदूपर्यंत थोडाच जातो.

पण एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराची धडक बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. शर्यतवाला ते पुन्हा घालत नाही. आपणही घालू नये.

७. डोक्याला बसेल तेच हेल्मेट

सैल हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथे घातलेले घमेले. पडताना ते आधी उडते आणि डोके मागून आपटते. म्हणून हेल्मेट घेताना डोके बरोबर न्यावे. दुसऱ्याला सांगून मागवू नये.

दुकानात काय करावे ते पाहा.

आधी शिंप्याच्या टेपने डोके मोजा. भुवयांच्या थोडे वर, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून टेप फिरवा. जे माप येईल ते सेंटिमीटरमध्ये लक्षात ठेवा. ५६, ५८, ६० असे आकडे हेल्मेटवर लिहिलेले असतात.

मग हेल्मेट घालून पाहा. पट्टे दोन्ही हातांनी बाजूला ओढायचे आणि डोके आत सारायचे. इथे गिऱ्हाईक हमखास म्हणते, "काहून हो दादा, हे तर गालाला लई दाबतंय. मोठं दाखवा." चांगला दुकानदार सांगेल, "भाऊ, नवं हेल्मेट गालाला दाबायलाच पाहिजे. आतली गादी वापरून बसते. कपाळावर एका जागी टोचतंय का, तेवढं सांगा. टोचत असेल तर आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरं देतो."

आता तीन परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा : हेल्मेट हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. गालाची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतेच फिरले तर ते मोठे आहे.

दुसरी परीक्षा : कपाळ आणि गादी यांच्यामध्ये बोट घालून पाहा. बोट सहज गेले तर ते सैल आहे.

तिसरी परीक्षा : हनुवटीखाली पट्टा लावा. पट्ट्यात एक-दोन बोटे जावीत, जास्त नाही. मग मागच्या बाजूने हेल्मेटची खालची कड धरा आणि ते पुढे उलटवून काढून पाहा. निघाले तर ते हेल्मेट घेऊ नका. दुकानात निघते, ते रस्त्यावर नक्की निघेल.

हेल्मेटवर आयएसआयची खूण पाहा. तिच्याजवळ आयएस ४१५१ असा आकडा असतो. १ जून २०२१ पासून अशी खूण नसलेली दुचाकीची हेल्मेटे बनवायला आणि विकायला बंदी आहे. इमारतीच्या कामावर घालतात ती पिवळी टोपी फटफटीसाठी नाही. तोंड झाकणारे हेल्मेट घेतले तर जास्त बरे. पडताना हनुवटीही आपटते.

पागोटे किंवा जाड मफलर आत बांधून हेल्मेट घालू नये. पातळ रुमाल चालेल. बायाबापड्यांनी अंबाडा वर बांधू नये, मानेशी खाली बांधावा. म्हणजे हेल्मेट नीट बसते. पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. चाकात पदर गुंतून पुष्कळ बाया पडल्या आहेत.

८. कायदा काय सांगतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट लागते. पागोटे बांधणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. २०१९ साली कायदा कडक झाला. हेल्मेट नसेल तर १००० रुपये दंड आहे आणि लायसन तीन महिने बंद होऊ शकते. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागते. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी वेगळा नियम आहे. त्याला लहान हेल्मेट हवे. चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा. आणि वेग ४० च्या वर न्यायचा नाही.

पण दंडासाठी हेल्मेट घालू नका. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस गेला की कोपरात, असे पुष्कळ जण करतात. कोपरातले हेल्मेट कोपर वाचवील. डोके नाही.

कोणी म्हणतो, "उन्हाळ्यात घाम येतो." घाम पुसता येतो. कोणी म्हणतो, "इथंच तर जायचंय, शेतापर्यंत." पडायला किती अंतर लागते? दारासमोरही माणूस पडतो.

आणि रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. ज्या तरुणाला खरेच शर्यतीत उतरायचे आहे, त्याने रीतसर शिकावे. त्यासाठी देशात शर्यतींची संघटना आहे, परवाना आहे, बांधलेली वाट आहे. तिथे तपासनीस आहेत, डॉक्टर आहेत. औंढा-वसमत रस्त्यावर ते कोणी नाही.

९. कोणी पडलेला दिसला तर

आधी १०८ ला फोन करा. दवाखान्याची गाडी फुकट येते. मागून येणाऱ्या गाड्यांना हात करून थांबवा. पडलेल्याला धरून उठवू नका, बसवू नका. मानेला दुखापत असेल तर ती वाढते. त्याचे हेल्मेट घाईने ओढू नका. श्वास अडत नसेल तर ते जाणकाराला काढू द्या. पट्टा सैल करा, काच वर करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी पाजू नका.

"पोलिसांचं लचांड मागे लागेल" म्हणून पुष्कळ लोक बाजूने निघून जातात. ही भीती सोडा. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

१०. आपणच आपले तपासनीस

शर्यतवाल्याला तपासनीस अडवतो. आपल्या दारात तपासनीस येत नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे. बैल जुंपण्याआधी आपण त्याच्या खांद्यावरून हात फिरवतो. खूर पाहतो. तसा सकाळी गाडीवरूनही एक हात फिरवावा. तीन मिनिटांचे काम आहे.

टायर दाबून पाहा. खिळा, काटा, भेग आहे का पाहा.
दोन्ही ब्रेक दाबून पाहा.
साखळी फार लोंबते का पाहा.
पुढचा दिवा, मागचा दिवा आणि हॉर्न लावून पाहा.
आरसे पुसून नीट करा.
हेल्मेट घाला. पट्टा लावा. टकदिशी आवाज आला पाहिजे.
मागे बसणाऱ्याचाही पट्टा पाहा.

मग खुशाल निघा. वसमतला पाच मिनिटे उशिरा पोहोचलात तर हळदीचा भाव काही पळून जात नाही. संध्याकाळी घरच्यांना तुम्ही दारात दिसलात, की तुमची शर्यत जिंकली.

वाचून उत्तरे सांगा

१. खड्डा दिसल्यावर नजर कुठे ठेवावी?
२. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावरचे अंतर किती पट होते?
३. तुमच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचा. तो कोणत्या साली बनला?
४. हेल्मेटच्या तीन परीक्षा कोणत्या? घरातल्या हेल्मेटवर त्या आज करून पाहा.